कथलाच्या गोटपाटल्या आणि निवडीचा हक्क

दागिना म्हणजे बाईची हौस, असे सर्रास म्हटले जाते. पण ज्या देशात कोणी कोणत्या धातूचा दागिना घालावा हे जात ठरवत होती, तिथे हौसेला जागा किती होती? हा प्रश्न आपण विचारत नाही, म्हणून दागिन्याचा इतिहास फक्त राजघराण्यांचा आणि सराफांचा राहिला.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम आहे: वस्त्रे प्रेतावरची, जेवण फुटक्या भांड्यात आणि दागिने लोखंडाचे. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, असे ते म्हणालेच. पण गळ्यातल्या ढीगभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या किंवा चांदीच्या गोटपाटल्या ही तुम्हाला ओळखण्याची खूण झाली आहे, ती सोडा, दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, असेही त्यांनी सांगितले.

सोन्याचाच का? ज्या बाईला पोटभर भाकर नाही तिला सोने घ्यायला सांगणे विचित्र वाटेल. पण नीट पाहा. कथील म्हणजे कल्हईचा धातू. अंगावर ओझे, पण अडीनडीला मोडायला गेले तर किंमत नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. ज्यात मान नाही आणि मोलही नाही, ते अंगावर वागवायचे कशाला, हा त्यांचा सरळ हिशेब आम्हाला त्यात दिसतो.

हा हक्क किती महाग पडत होता तेही पाहू. ४ जानेवारी १९२८ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'तली बातमी बाबासाहेबांनी पुढे 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात घेतली. इंदूर संस्थानातल्या बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असा सवर्णांचा हुकूम होता. बलाईंनी असे नियम मानले नाहीत, तेव्हा त्यांचे पाणी बंद झाले, गुरे चारणे बंद झाले, अनेकांना गाव सोडावे लागले. तिकडे केरळात अय्यनकाळींच्या चळवळीत पुलय स्त्रियांनी १९१५ मध्ये जातीची खूण असलेल्या दगडी मण्यांच्या माळा भर सभेत तोडून टाकल्या. एकीकडे घालण्यासाठी लढा, दुसरीकडे काढण्यासाठी. मुद्दा एकच: निवड कोणाची?

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्याकडे येऊ. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णीकडच्या तांड्यांवर जुन्या बंजारा आयांच्या केसांत चांदीची घुगरी-टोपली, गळ्यात हासली, कपड्यांवर आरसे आणि कवड्या दिसतात. आपल्यातले काही तरुण महाडच्या भाषणाचा दाखला देऊन त्यांना मागासलेल्या ठरवतात. हे चूक आहे. ती खूण त्यांच्यावर गावाने लादलेली नाही, ती त्यांच्या समाजाने स्वतः घडवलेली आहे. ती ठेवायची की सोडायची हे त्या आयाबहिणी ठरवतील. शिवाय ती चांदी म्हणजे त्यांची बँक आहे. मिरगाच्या तोंडावर बियाण्याला पैसा नसला की कापूसवाल्याच्या घरात आधी बाईच्याच अंगावरचा डाग गहाण पडतो, मग ती बौद्ध असो, बंजारा असो की कुणबी.

आणि बाजाराने काय केले? हाच घाट साच्यात ओतून 'ट्रायबल ज्वेलरी' म्हणून शहरात विकायला ठेवला. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी नसतेच. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण असते. म्हणजे बिनमोलाचा धातू नव्या नावाने परत आला. आवडला तर जरूर घाला. पण चांदीच्या भावाने घेऊ नका. चांदी म्हणून देत असतील तर ९२५ चा शिक्का बघा, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. हाताने घडवलेला म्हणत असतील तर कोणत्या हाताने, आणि त्या हाताला किती मजुरी मिळाली, हे विचारा. सुबकतेचे दाम दुकानदाराला आणि कारागिराला उपासमार, ही जातिव्यवस्थेचीच रीत आहे.

मित्रमैत्रिणींनो, महाडने आपल्याला दागिन्याचा तिरस्कार शिकवलेला नाही. दुसऱ्याने ठरवलेली खूण अंगावर वागवायची नाही आणि दुसऱ्याच्या निवडीला हिणवायचे नाही, हे शिकवले आहे. लग्नसराईत सराफाच्या दुकानात पाऊल टाकताना आपल्या लेकीबहिणींना हा इतिहास सांगा. मग घ्यायचे की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

जय भीम!