बांधावरची चिंच

नळदुर्गचा किल्ला पाहायला माणसे लांबून येतात. बोरी नदी अडवून बांधलेला तो बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि पावसाळ्यात बंधाऱ्यावरून कोसळणारे नर व मादी हे धबधबे पाहून थक्क होतात आणि परत जातात. पण येताजाताना शेतांच्या बांधावर जी घेरदार, काळपट बुंध्याची झाडे लागतात, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ती चिंचेची झाडे. त्यांचाही एक इतिहास आहे, आणि आज तो सांगायचा तो अशासाठी, की तो आपल्या डोळ्यांदेखत पुसला जात आहे.

चिंच मूळची इथली की बाहेरची? वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे माहेर आफ्रिकेत मानतात. पण सासरी ती इतकी जुनी झाली की माहेरचे कोणी तिला विचारीत नाही! गंगेच्या खोऱ्यात नरहन येथे उत्खनन झाले, त्यात चिंचेच्या लाकडाचा कोळसा सापडला. तो इसवी सनापूर्वी सुमारे १३०० वर्षांचा आहे. अरब व्यापाऱ्यांनी तिला ‘तमर-इ-हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असे नाव दिले आणि त्यावरूनच युरोपातली तिची नावे आली. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने चिंचेच्या औषधी गुणांची चर्चा केली आहे. त्याच्याही आधी मार्को पोलो एक मजेदार गोष्ट सांगतो. गुजरातच्या किनाऱ्यावरचे चाचे पकडलेल्या व्यापाऱ्यांना समुद्राच्या पाण्यात चिंच कालवून पाजीत. कारण व्यापारी भीतीने मोती गिळून टाकीत, ते बाहेर यावेत म्हणून!

आपल्याकडे तिने गावांना नावे दिली. चिंचोली, चिंचपूर, चिंचवड ही गावे महाराष्ट्रात किती आहेत, मोजून पाहा. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यात पानचिंचोली आहे, आणि तिथल्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नळदुर्गपासून हा मुलूख काही फार दूर नाही. माती तीच, ऊन तेच.

ऊन म्हणालो, ते मुद्दाम. चिंचेचा सारा व्यवहार उन्हावर चालतो. पावसाळ्याच्या तोंडाशी तिला तांबड्या रेघांची पिवळसर फुले येतात. हिवाळ्यात बुटुक आंबट असलेले आकडे हळूहळू गाभुळतात आणि माघ-फाल्गुनात पिकून टरफल सुटे होते. शिमग्याच्या सुमारास झाड उतरवायचे. बहुधा व्यापारी झाड उक्तेच घेतो. गडी वर चढतो आणि फांद्या हलवतो. जाणता गडी हलवतो, बरं का, झोडपत नाही. काठीने झोडपले की कोवळ्या डहाळ्या मोडतात आणि पुढच्या वर्षीचा बहार जातो. हे शहाणपण कोणत्या पुस्तकात वाचून आलेले नाही. ते बापाने मुलाला झाडावर बसून शिकवलेले असते.

खाली पडलेली चिंच अंगणात वाळवायची. टरफल बोटाने दाबताच फुटले पाहिजे, इतकी ती वाळली पाहिजे. मग बायकांचे काम सुरू होते. पुढ्यात दगड, हातात लोखंडी दांडा किंवा छोटी हातोडी. टरफल काढायचे, शिरा ओढायच्या, गर फोडून चिंचोका मोकळा करायचा, आणि गर पुन्हा उन्हात टाकायचा. साधारणपणे १०० किलो चिंचेत ५५ किलो गर, ३४ किलो चिंचोके आणि ११ किलो टरफल व शिरा निघतात. घरच्यासाठी ठेवायची चिंच मीठ लावून, गोळे करून मडक्यात दाबून भरतात. बाकीची बार्शी, लातूरच्या बाजारात जाते. मजुरी वजनावर. फाल्गुन-चैत्रात रानात दुसरे काम नसते, विहिरी आटलेल्या असतात; अशा वेळी भूमिहीन घरांची चूल या चिंचेवर पेटते. एखादी अवकाळी सर अंगणातल्या चिंचेवर पडली, की माल चिकट होऊन काळवंडतो आणि भाव पडतो.

आणि चिंचोका? तो आपण खेळण्यापुरताच ओळखतो. पण घोंगडी विणणाऱ्या सनगरांना विचारा. चिंचोक्याची खळ दिल्याशिवाय घोंगडीला ताठपणा येत नाही. दुसऱ्या महायुद्धात धान्याचा स्टार्च दुर्मिळ झाला, तेव्हा कापडगिरण्यांनाही या खळीची आठवण झाली. १९४२ साली घोष आणि कृष्ण या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की सोललेल्या चिंचोक्यात जवळजवळ निम्मा भाग घट्ट जेली बनवणाऱ्या द्रव्याचा असतो. पोरांच्या खिशातला चिंचोका असा कारखान्यात पोहोचला.

इतके सगळे असूनही झाडे कमी का होत आहेत? कारणे साधी आहेत. बियांपासून वाढलेली चिंच फळायला आठ-दहा वर्षे घेते. आजोबाने लावायची आणि नातवाने खायची, असा हा हिशेब. शेताच्या वाटण्या झाल्या, बांध अरुंद झाले, आणि दोन भावांच्या मधल्या बांधावरची चिंच भांडणाचे मूळ ठरली. तिच्या सावलीत पीक येत नाही, ही तक्रार खरीच आहे. रस्ते रुंद झाले, तेव्हा कडेची झाडे गेली. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात चिंचेचे नाव अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय ती तोडता येत नाही. पण कायदा झाड राखू शकतो, झाड लावू शकत नाही.

लावण्याचेही प्रयत्न झाले. १९९० साली राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली आणि कोरडवाहू फळझाडांत चिंचेला जागा दिली. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, संशोधन केंद्रातून ‘प्रतिष्ठान’ ही जात आली. तिची कलमे चार-पाच वर्षांत फळू लागतात. २०१९ साली वाळलेल्या चिंचेवरचा वस्तू व सेवा करही उठला. हे सारे चांगलेच झाले. पण कलमांची बाग आली म्हणून बांधावरची जुनी झाडे नकोशी होऊ नयेत. बियांपासून आलेले प्रत्येक झाड वेगळे असते. एकाचा गर तांबूस, एकाचा गोडसर, एकाचा आकडा वीतभर. उद्याच्या चांगल्या कलमाची काडी याच जुन्या झाडांवरून घ्यावी लागणार आहे.

दूर तैवान बेटावर शिनपू नावाचे गाव आहे. तिथली हक्का समाजाची कुटुंबे शरद ऋतूतल्या कोरड्या वाऱ्यावर तेंदूच्या कुळातले एक फळ सोलून वाळवतात. त्या केशरी फळांनी भरलेल्या बांबूच्या तबकांच्या रांगा पाहायला आता लोक मुद्दाम जातात. काम तेच राहिले, फक्त ते करणाऱ्यांना मान मिळाला आणि मालाला गावाचे नाव मिळाले. आपल्याकडे काय होते? चिंच फोडणाऱ्या बाईचा माल पोत्यात जातो, आणि पोत्यावर तिच्या गावाचे नाव नसते.

माझे म्हणणे एवढेच, की चिंच टिकवायची असेल तर ती राखणाऱ्याला आणि फोडणाऱ्याला परवडली पाहिजे. गावच्या बायकांनी एकत्र येऊन सावलीची जागा, पत्र्याचे छप्पर आणि ताडपत्री एवढे केले, तरी अवकाळीचे नुकसान वाचेल. गर स्वच्छ करून आपल्या नावाने विकला, तर मधला दलाल दोन पैसे कमी नेईल. ग्रामपंचायतीने जुन्या झाडांची नोंद करावी: कोणाच्या बांधावर, किती घेराचे, कसल्या चवीचे. शाळेतल्या मुलांना हे काम सांगा, ती आनंदाने करतील. कोणत्या झाडाची चिंच गोड आहे, हे त्यांना आधीच ठाऊक असते!

पुढच्या वेळी नळदुर्गला गेलात तर पाणीमहाल जरूर पाहा. पण परतताना एखाद्या चिंचेखाली थांबा आणि बाजूच्या अंगणात चिंच फोडीत बसलेल्या आजीबाईंना एकच विचारा: हे झाड कोणी लावले? त्या सासऱ्याचे किंवा आजेसासऱ्याचे नाव सांगतील. नंतर हेही विचारा, की त्यानंतर कोणी लावले? या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळावे, म्हणून येत्या मृगात एक तरी रोप बांधावर लावायला हवे.