कुंपण बुटकं का आहे?

थँक्सगिव्हिंगची चार दिवस सुट्टी. पहाटे चारला मॉलबाहेर रांगेत उभं राहायची माझी हिंमत नव्हती, म्हणून शुक्रवारी सकाळी गाडी काढली आणि ह्यूस्टनहून तासाभरात गॅल्व्हस्टनला पोचलो. टेक्सासच्या किनाऱ्याला समांतर पसरलेलं हे एक लांबुळकं, चपटं बेट. देसी जनता इथे येते ती बीचवर. मी जुनी घरं बघायला गेलो होतो, रूममेट्सनी अर्थातच वेड्यात काढलं :)

ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर बरीचशी मोठी घरं आहेत. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे बिशप्स पॅलेस. वॉल्टर ग्रेशॅम नावाच्या वकिलासाठी निकोलस क्लेटन या वास्तुविशारदाने बांधलेलं, 1893 मध्ये पूर्ण झालेलं दगडी घर. बिशपचा संबंध नंतरचा, 1923 मध्ये चर्चने ते विकत घेतलं तेव्हाचा. आत कोरीव जिना, रंगीत काचा, खोलीगणिक वेगळी फायरप्लेस, आणि आता ख्रिसमसची सजावट. सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण तिसऱ्या फायरप्लेसनंतर माझं लक्ष उडतं.

खरी गंमत दिसली ती रस्त्यावर. थोडं पुढे अ‍ॅश्टन व्हिला आहे, 1859 चा, जेम्स मोरो ब्राउन या व्यापाऱ्याचा. विटांचा भारदस्त वाडा, आणि त्याभोवती नक्षीदार लोखंडी कुंपण. पण एवढ्या वाड्याला हे कुंपण अगदीच बुटकं वाटतं. नक्षीसुद्धा मधूनच सुरू झाल्यासारखी. कारण सोपं आहे. कुंपणाचा खालचा भाग जमिनीत आहे. तळघरही वाळूने भरलेलं आहे.

आपल्याकडे दरवर्षी रस्त्यावर डांबराचे थर चढतात आणि सोसायटीचं गेट हळूहळू खड्ड्यात जातं, तसं काहीसं. फक्त इथे ते ठरवून केलं, आणि अख्ख्या शहरासाठी केलं.

8 सप्टेंबर 1900 ला इथे चक्रीवादळ आलं. गावात तेव्हा साधारण 38,000 लोक राहत होते आणि बेटावरची सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फूटसुद्धा नव्हती. पाणी चढलं पंधरा फुटांच्या वर. कमीत कमी 6,000 माणसं गेली, बरेच जण आकडा 8,000 धरतात. अमेरिकेत नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसं त्याआधी किंवा नंतर कधीही मेलेली नाहीत. इथल्या हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी 1891 मध्ये पेपरात लिहिलं होतं की, वादळ या शहराचं मोठं नुकसान करेल ही भीती म्हणजे निव्वळ खुळी समजूत. समुद्रभिंतीची मागणी तेव्हा मागे पडली. वादळात क्लाइन यांचं घर कोसळलं, पत्नी गेली.

आता मला जे खरंच सांगायचंय ते. ही मोठी घरं वाचली कशी? गाइड सांगतात ते खरं आहे, बांधकाम भक्कम होतं, ब्रॉडवे बेटाच्या उंच पट्ट्यावर आहे. ग्रेशॅम कुटुंबाने त्या रात्री शेकडो लोकांना घरात घेतलं, हेही खरं. पण अजून एक कारण आहे. समुद्राकडची लाकडी घरं रांगेने पडत गेली. लाटांनी एका रांगेचे वासे-फळ्या उचलून पुढच्या रांगेवर आपटल्या, असं करत करत ढिगारा एवढा वाढला की शहराच्या आतल्या भागासाठी तोच बंधारा झाला. लाटा तिथे अडल्या. त्या ढिगाऱ्यात माणसं होती. म्हणजे आज आपण तिकीट काढून जी घरं बघतो, ती काही अंशी पुढे पडलेल्या घरांमुळे उभी आहेत. हे वाचल्यावर मी परत जाऊन बिशप्स पॅलेस बाहेरूनच बघत थोडा वेळ उभा राहिलो.

वादळानंतर तीन इंजिनिअर्सची समिती नेमली. त्यातले एक हेन्री रॉबर्ट, सभा कशी चालवावी याचं जगप्रसिद्ध पुस्तक लिहिणारे तेच! (मीटिंगा वेळेत संपवणारा माणूस भिंतही वेळेत बांधणार, नाही का?) 1902 ते 1904 मध्ये 17 फूट उंचीची, तीन मैलांची काँक्रीटची भिंत उभी राहिली. मग शहर उचलायला घेतलं. दोन हजारांवर इमारती स्क्रू-जॅकवर चढवल्या. प्रत्येक जॅकपाशी माणूस, इशारा झाला की सगळ्यांनी एकदम थोडासा पीळ द्यायचा. सेंट पॅट्रिक चर्च, वजन सुमारे 3,000 टन, असंच पाच फूट वर गेलं. मग ड्रेजरने आणलेली वाळू-पाण्याची रबडी पाइपातून खाली सोडायची, पाणी वाहून जायचं, वाळू राहायची. हे 1911 पर्यंत चाललं. तोवर लोक लाकडी फळ्यांच्या उंच पुलांवरून ये-जा करत. भरावाचा खर्च सरकारी, पण स्वतःचं घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने करायचा. अ‍ॅश्टन व्हिला उचललाच नाही, म्हणून ते कुंपण तसं दिसतं.

याच वाड्याच्या सज्जातून 19 जून 1865 ला जनरल ग्रेंजरचा गुलामांच्या मुक्तीचा हुकूम वाचला गेला, अशी गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जायची. आता इतिहासकार तसं मानत नाहीत. वाडा बांधताना मात्र गुलाम राबले होते. जूनटीन्थची देशभर सुट्टी 2021 पासून आहे. असो.

1915 मध्ये पुन्हा मोठं वादळ आलं, शहर टिकलं. पण खाऱ्या भरावाने जुनी झाडं, बागा सगळ्या मेल्या होत्या. लोकांनी वर चांगली माती टाकून नव्याने ओक लावले. ते शंभरीला आले आणि 2008 मध्ये आइक वादळ आलं. या वेळी पाणी भिंतीकडून नाही, मागच्या खाडीकडून शिरलं. खाऱ्या पाण्याने हजारो झाडं वाळली. काही घरमालकांनी खोडं काढली नाहीत, सुतार-शिल्पकार बोलावून त्यातून बगळे, कुत्रे, देवदूत कोरून घेतले. फाटकाबाहेर उभं राहून बघता येतात, तिकीट नाही. अंधार पडेपर्यंत मी तेच बघत हिंडलो आणि मग ट्रॅफिकमध्ये अडकत घरी आलो.