जपानी बाग : दगड मांडणारे हात

जपानी बागेचे नाव निघताच आज झेन पंथ, ध्यान आणि मौन यांची आठवण होते. परंतु या बागांचा इतिहास जपानातील झेन मठांच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि त्याच्या मुळाशी तत्त्वचिंतनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, दगड निवडून जमिनीत बसविण्याचे कसब आहे. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या राजवंशाच्या बखरीत ६१२ सालची एक नोंद आहे. कोरियातील पेक्चे राज्यातून आलेल्या एका माणसाच्या अंगावर पांढरे डाग असल्यामुळे त्याला समुद्रातील बेटावर सोडून देण्याचे ठरले, तेव्हा त्याने असा युक्तिवाद केला की, डागांचे एवढे वावडे असेल तर अंगावर पांढरे ठिपके असलेली गुरे व घोडेही देशात पाळू नयेत. शिवाय कृत्रिम डोंगर रचण्याची विद्या आपल्याला अवगत आहे. त्याला ठेवून घेण्यात आले आणि राजवाड्याच्या दक्षिण अंगणात त्याने ‘शुमिसेन’, म्हणजे बौद्ध विश्वकल्पनेतील सुमेरू पर्वत, उभारला. भारतातून निघालेला मेरू चीन व कोरियामार्गे जपानच्या अंगणात पोहोचला, तो असा समाजाने दूर लोटू पाहिलेल्या एका कारागिराच्या हातून.

बागरचनेची तत्त्वे प्रथम सविस्तर लिहून काढली गेली ती अकराव्या शतकातील ‘साकुतेइकी’ या ग्रंथात. तो ताचिबाना नो तोशित्सुना या दरबारी सरदाराचा असावा, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. या ग्रंथात दगड उभे करणे आणि बाग करणे या दोन गोष्टी जवळजवळ एकच आहेत. देशोदेशीच्या रमणीय स्थळांचे स्मरण ठेवून, मालकाच्या इच्छेचा मान राखून, परंतु निसर्गाची हुबेहूब नक्कल न करता रचना करावी, असे त्यात सांगितले आहे. मुख्य दगड आधी बसवावा आणि नंतरचा प्रत्येक दगड, आधीचा दगड जशी मागणी करील तसा ठेवावा, हा त्यातील सर्वांत मार्मिक नियम होय. कारण येथे आराखडा कागदावर ठरत नाही, तो काम चालू असताना जागेवरच उलगडत जातो. याच्या जोडीला निषेधही आहेत. डोंगरात आडवा पडलेला दगड बागेत उभा केला, किंवा उभा असलेला आडवा केला, तर घराला बाधा होते. पाणी पूर्वेकडून आणून नैर्ऋत्येकडे सोडावे, म्हणजे अमंगल वाहून जाते. वास्तुशास्त्राशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा सूर अनोळखी वाटणार नाही. पाण्यावाचून केवळ दगडांनी निसर्गदृश्य रचण्याच्या पद्धतीला ‘कारेसानसुई’ म्हणतात. आज तिला झेनची निर्मिती समजतात, पण ही संज्ञा याच ग्रंथात, झेन जपानात रुजण्यापूर्वीच, आलेली आहे.

झेन भिक्षूंनी या परंपरेला नवा अर्थ दिला, हे मात्र खरे. चौदाव्या शतकात मुसो सोसेकी या आचार्यांनी क्योतोतील साइहो-जी व तेन्र्यू-जी या मंदिरांच्या बागांना साधनेशी जोडले. प्रत्यक्ष श्रम करणारे लोक मात्र बहुधा ‘कावारामोनो’ होते. नदीकाठच्या ओसाड पट्ट्यात राहून मेलेली जनावरे सोलणारे, कातडी कमावणारे आणि विहिरी खणणारे हे लोक. त्यांच्यावर लादलेल्या विटाळाची कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांच्यापैकी झेनआमी हा पंधराव्या शतकात शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमासाच्या मर्जीतला बागकार झाला आणि तो आजारी पडला तेव्हा शोगुनाने त्याला औषध पाठविल्याचे समकालीन रोजनिशीत नोंदले आहे. त्याचा नातू माताशिरो याने, खाटकांच्या कुळात जन्मल्याचे आपल्याला दुःख असून म्हणूनच आपण जीवहत्या करीत नाही, असे एका झेन भिक्षूपाशी बोलून दाखविले होते. सत्ताधीशाच्या कृपेनेही जन्माचा डाग पुसला जात नव्हता, हे या एका वाक्यावरून कळते.

क्योतोतील रिओआन-जीच्या प्रसिद्ध बागेत दाताळ्याने रेघा ओढलेल्या पांढऱ्या खडीवर १५ दगड पाच गटांत मांडलेले आहेत आणि ओसरीवर कोठेही बसले तरी ते सर्व एकाच वेळी दिसत नाहीत. पोहत नदी ओलांडणारी वाघीण व तिचे बछडे, समुद्रातील बेटे, ढगांवरची शिखरे असे अनेक अर्थ या दगडांना लावले गेले, तरी रचना कोणाची हे ठरलेले नाही आणि निरनिराळ्या नामांकित कलावंतांना व भिक्षूंना तिचे श्रेय दिले जाते. एका दगडाच्या पाठीवर मात्र दोन नावे कोरलेली असून त्यांतील एक ‘कोतारो’ असे वाचता येते, दुसरे पुसट आहे; ती कावारामोनो कारागिरांची असावीत, असा अनेकांचा तर्क आहे. दगडावरच असलेला हा पुरावा नंतरच्या दंतकथांपेक्षा निश्चितच अधिक विश्वसनीय आहे, आणि बागेच्या कर्तृत्वाची चर्चा याच दोन नावांपासून सुरू व्हायला हवी.