हँडहेल्ड कन्सोलवरील लिनक्स : एका भाषांतराचा इतिहास

लिनक्स ही संगणक-प्रणाली गुणांनी सरस असूनही सामान्य माणसाच्या हाती का गेली नाही, या प्रश्नाचे उत्तर देताना ती वापरावयास अवघड आहे, असे सांगण्याचा प्रघात आहे. हे उत्तर अर्धसत्य होय. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेल्या या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, आज अँड्रॉइडच्या रूपाने कोट्यवधी लोकांच्या खिशात आहे आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याची वार्ताही नाही. तेव्हा अवघडपणा हा तिचा अंगभूत दोष मानता येत नाही. निदान गेमच्या क्षेत्रापुरते तरी खरे कारण निराळे होते. गेम विंडोजसाठी लिहिले जात होते. लिनक्सवर खेळणारे नव्हते म्हणून लिनक्ससाठी कोणी लिहीत नसे, आणि कोणी लिहीत नसे म्हणून खेळणारे येत नसत. ज्या भाषेत ग्रंथ नाहीत तिला वाचक मिळू नयेत आणि वाचक नाहीत म्हणून ग्रंथ होऊ नयेत, तशीच ही कोंडी होती. ती कशी फुटली आणि फुटताना कोणते ऋण मागे राहिले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोंडी फोडण्याचा एक गंभीर प्रयत्न १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने केला. तिचा मार्ग सरळ होता : विंडोजवर नावाजलेला गेम घ्यावयाचा, मालकाची अनुमती मिळवावयाची आणि त्याचा प्रोग्रॅम लिनक्ससाठी नव्याने बसवावयाचा. ‘सिव्हिलायझेशन : कॉल टु पॉवर’ हा १९९९ मधील तिचा पहिला गेम. परंतु एकेका गेमसाठी असे स्वतंत्र श्रम करावयाचे, आणि गेम तयार होईपर्यंत उत्सुक गिऱ्हाइकाने तो विंडोजवर खेळून संपविलेला असावयाचा, हा व्यवहार टिकणे शक्य नव्हते. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. तिच्यात काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी मात्र टिकली, व आजही असंख्य गेम तिच्या आधाराने चालतात.

हातात धरून खेळावयाच्या यंत्रात लिनक्स शिरले ते याच सुमारास, परंतु वेगळ्या वाटेने. दक्षिण कोरियातील गेमपार्क होल्डिंग्ज या कंपनीने नोव्हेंबर २००५ मध्ये जीपी२एक्स हे यंत्र विक्रीस आणले. ते दोन साध्या पेन्सिल सेलवर चाले, त्याची मेमरी ६४ मेगाबाइट होती, आणि कोणीही त्यासाठी प्रोग्रॅम लिहावा अशी मुभा होती. २००८ मध्ये आगाऊ मागण्या घेऊन जाहीर झालेले व प्रत्यक्षात मे २०१० पासून ग्राहकांच्या हाती पडू लागलेले पँडोरा हे यंत्रही याच कुळातले. या यंत्रांचे चाहते अत्यंत निष्ठावान होते. पँडोराच्या ग्राहकांनी दाखविलेला धीर तर आजच्या काळात अपवादात्मकच म्हणावा लागेल. तथापि ती प्रामुख्याने जुन्या कन्सोलवरील जुने गेम पुन्हा खेळण्यासाठी वापरली गेली. नवे, बाजारात त्या वर्षी गाजणारे गेम त्यांवर आले नाहीत. यंत्र लिनक्सचे होते, वाङ्मय मात्र दुसऱ्यांचे आणि मागील पिढीचे होते.

या सर्व काळात एक काम संथपणे चालू होते. १९९३ मध्ये सुरू झालेला व १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्या नेतृत्वाखाली चाललेला ‘वाइन’ हा प्रकल्प. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २००८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, निघाली. वाइन काय करतो हे नीट समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व इतिहास त्यावर उभा आहे. विंडोजसाठी लिहिलेला गेम आणि लिनक्स यांखालील प्रोसेसर एकच असतो. गणिताच्या मूळ आज्ञा दोन्हींकडे सारख्याच. फरक पडतो तो गेम प्रणालीकडे मागणी करतो तेव्हा : ही फाइल उघड, हा ध्वनी वाजव, येथे त्रिकोण रंगव. या मागण्या विंडोजच्या बोलीत केलेल्या असतात. वाइन त्या ऐकून घेतो आणि तेच काम लिनक्सकडून करवून घेतो. गेमला आपण परमुलुखात आहोत याची जाणीवही होत नाही. दुभाष्या मूळ वक्त्याचे भाषण पुन्हा लिहीत नाही. तो दोहोंमध्ये उभा राहतो. लोकीची पद्धत आणि वाइनची पद्धत यांतील भेद नेमका हाच. पहिलीत प्रत्येक ग्रंथाचे भाषांतर वेगळे करावे लागे, दुसरीत एकच दुभाष्या सर्वांना पुरतो. मात्र त्याला संपूर्ण भाषा यावी लागते, आणि ती शिकण्यात तपे गेली.

या कामाला बळ मिळाले ते व्यापारी धास्तीतून. स्टीम हे गेमविक्रीचे मोठे दुकान चालविणाऱ्या व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०१२ मध्ये विंडोज ८ वर जाहीर टीका केली. मायक्रोसॉफ्ट स्वतःचे दुकान प्रणालीतच बसवीत होती, हे लक्षात घेता त्या टीकेचा रोख समजणे कठीण नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये निरनिराळ्या उत्पादकांची ‘स्टीम मशीन’ नावाची यंत्रे निघाली. ती चालली नाहीत. व्हॉल्व्हची अपेक्षा गेमकर्त्यांनी लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्त्या काढाव्यात अशी होती. म्हणजे लोकीचाच मार्ग, फक्त अधिक भांडवलाने. कोंडी तशीच राहिली.

२१ ऑगस्ट २०१८ रोजी व्हॉल्व्हने मार्ग बदलला. त्या दिवशी प्रसिद्ध झालेला ‘प्रोटॉन’ म्हणजे वाइन आणि त्याला जोडलेली काही साधने होत. त्यांपैकी डीएक्सव्हीके हे फिलिप रेबोले यांचे साधन विंडोजच्या चित्रणभाषेचे, म्हणजे डायरेक्टथ्रीडीचे, व्हल्कन या मुक्त चित्रणभाषेत रूपांतर करते. ‘निअर : ऑटोमाटा’ हा गेम आपल्याला लिनक्सवर खेळता यावा, या वैयक्तिक इच्छेतून रेबोले यांनी ते हाती घेतले होते. आरंभी प्रोटॉनची अधिकृत यादी २७ गेमांची होती.

या पायावर २८ फेब्रुवारी २०२२ पासून स्टीम डेक ग्राहकांकडे जाऊ लागले : सात इंची पडदा, १६ गिगाबाइट मेमरी, किंमत ३९९ डॉलरपासून पुढे. लिनक्सला हँडहेल्डचाच आकार का मानवला, याची कारणे यंत्राच्या स्वरूपात आहेत. मेजावरच्या संगणकांचे प्रकार अगणित. डेकचे भाग मात्र ठरलेले. त्यामुळे चित्रणाचे रूपांतर आगाऊ करून गेमबरोबरच पाठविता येते. ‘एल्डन रिंग’ हा गेम त्याच आठवड्यात निघाला तेव्हा विंडोजवर तो अधूनमधून अडखळत असे. व्हॉल्व्हच्या अभियंत्यांनी प्रोटॉनच्या बाजूने उपाय केल्यामुळे डेकवर ते अडखळणे पुष्कळ कमी झाले. भाषांतर मूळाहून सुबोध व्हावे, असा हा दुर्मिळ प्रसंग. शिवाय बटण दाबताच गेम झोपतो व पुन्हा दाबताच तेथूनच जागा होतो. कीबोर्डावाचूनच्या छोट्या यंत्रावर विंडोजला ही गोष्ट सहज साधली नव्हती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खेळणाऱ्याने लिनक्स बसविलेच नाही. ते बसवूनच आले.

प्रसाराच्या शक्यतेचा विचार करताना आकड्यांचा मोह आवरावा लागतो. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच ३ टक्क्यांवर गेला; त्यातील चतुर्थांशाहून अधिक यंत्रे व्हॉल्व्हच्या स्टीमओएसवर चालणारी होती. मे २०२५ मध्ये लेनोव्होने लिजन गो एस हे यंत्र स्टीमओएससह विकावयास काढले, तेव्हा ही प्रणाली प्रथमच दुसऱ्या उत्पादकाच्या हँडहेल्डमध्ये अधिकृतपणे गेली. प्रतिपक्षही स्वस्थ नाही. ऑक्टोबर २०२५ मधील आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅली या यंत्रात विंडोज डेस्कटॉप बाजूस ठेवून थेट गेमच्या पडद्यावर उघडते. डेकने घालून दिलेला हा धडा मायक्रोसॉफ्टने लवकर गिरविला.

खरा अडसर मात्र यंत्रातही नाही आणि भाषांतरातही नाही. तो अनुमतीत आहे. अनेकांनी मिळून इंटरनेटवर खेळावयाच्या गेममध्ये लबाडी पकडणारी पहारेकरी साधने असतात. ईझी अँटी-चीट व बॅटलआय या दोन प्रमुख साधनांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय केली. पण ती वापरावी की नाही हे प्रत्येक गेमकर्ता ठरवितो. ‘एपेक्स लेजेंड्स’ डेकवर रीतसर चालत असताना ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच्या कर्त्यांनी लिनक्सला दार बंद केले. लबाडी करणारे या वाटेने येतात, असे कारण देण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’मध्ये बॅटलआय आले आणि डेकवरील खेळणारे बाहेर राहिले. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ने मे २०२४ पासून विंडोजच्या कर्नेलमध्ये बसणारा पहारेकरी सक्तीचा केला. लिनक्सचे कर्नेल कोणालाही बदलता येते, म्हणून तेथे असा पहारा विश्वासार्ह नाही, हा त्या पक्षाचा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या निराधार नाही. परंतु ३ टक्के ग्राहकांसाठी वेगळी व्यवस्था करण्याचा खर्च कोणी करावा, हाही प्रश्न त्यामागे उभा आहे, आणि तो जुन्या कोंडीचाच अवशेष आहे. दुभाष्या कितीही निपुण असला तरी यजमानाने भेट नाकारल्यास त्याचा उपयोग नाही.

लिनक्ससाठी मूळ लेखन करण्याचे कारणही यामुळे उणे झाले. ‘रॉकेट लीग’ची स्वतंत्र लिनक्स आवृत्ती मार्च २०२० मध्ये बंद झाली, विंडोजची आवृत्ती प्रोटॉनमधून चालत असल्याने खेळ थांबला नाही. लोकीने १९९९ च्या सुमारास लिनक्ससाठी काढलेले गेम आजच्या लिनक्सवर चालविणे जिकिरीचे झाले आहे, कारण ज्या लायब्ऱ्यांवर ते उभे होते त्या मधल्या काळात बदलून गेल्या. त्याच वर्षांतील विंडोजचे कित्येक गेम मात्र वाइनमधून सुरळीत चालतात. डेकवर ज्या गेमच्या दोन्ही आवृत्त्या उपलब्ध असतात, त्यांतही पुष्कळ वेळा लिनक्सची मूळ आवृत्ती सोडून भाषांतरित आवृत्तीच निवडली जाते.