लाकडी कौले कापणारे यंत्र आणि मराठवाड्यातील माळवद : छपराच्या भाराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजा मानल्या जातात. शेतीच्या अवजारांवर व वस्त्रोद्योगातील यंत्रांवर इतिहासकारांनी विपुल लेखन केले आहे. त्या तुलनेत निवाऱ्याच्या तंत्राकडे, आणि त्यातही छपराच्या आच्छादनाकडे, कमी लक्ष गेलेले दिसते. वास्तविक घराचे आयुष्य, त्यात राहणाऱ्यांचे वार्षिक श्रम आणि प्रसंगी त्यांचे जीवितही छपरावर अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकात युरोप व उत्तर अमेरिकेत लाकडी कौले कापण्याचे काम यंत्राकडे गेले. त्याच काळात मंगळूर येथे मातीचे कौल यंत्रावर दाबून तयार होऊ लागले. मराठवाड्यात मात्र माळवदाची परंपरा विसाव्या शतकातही टिकून राहिली. गोदावरीच्या दक्षिणेस असलेल्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावांचा परिसर याच माळवदाच्या पट्ट्यात येतो. छपराचे यंत्र येथपर्यंत का पोहोचले नाही, आणि जेथे ते पोहोचले तेथे त्याची किंमत कोणी मोजली, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. लाकडी कौले तयार करण्याच्या हस्तकौशल्यापासून यंत्रापर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेणे.
२. भारतात व विशेषतः मराठी प्रदेशात छपराच्या यंत्राने घेतलेल्या निराळ्या रूपाचा शोध घेणे.
३. माळवदाच्या टिकून राहण्यामागील कारणे व त्याचे परिणाम तपासणे.

लाकडी कौल : फाडणे, तासणे आणि कापणे

लाकडी कौल, ज्याला शिंगल असेही म्हणतात, म्हणजे एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला पातळ असलेली लाकडाची आखूड फळी. अशा फळ्या उतरत्या छपरावर खालून वर, एकीवर दुसरी चढवून ठोकल्या जातात. पावसाचे पाणी एका फळीवरून दुसरीवर घरंगळत खाली जाते. हे आच्छादन हलके असते. भारतात त्याची परंपरा हिमालयाच्या देवदार-पट्ट्यात आढळते. मनाली येथील इ.स. १५५३ मधील हिडिंबा देवीच्या मंदिराची चौकोनी छपरे लाकडी कौलांचीच आहेत.

यंत्रापूर्वी कौल तयार होई ते फाडून. ओंडक्याचा हातभर लांबीचा तुकडा उभा करायचा, लांब पात्याचे हत्यार त्याच्या माथ्यावर ठेवायचे आणि वरून मोगरीचा घाव घालायचा. लाकूड तंतूंच्या रेषेत उकलते. नंतर ती फळी दोन्ही हातांनी ओढायच्या सुरीने तासली जाई. येथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. फाडलेल्या फळीत लाकडाचे तंतू अखंड राहतात, त्यामुळे पाणी सहजासहजी आत शिरत नाही. मात्र सरळ रेषेचे, गाठ नसलेले लाकूडच असे उकलते. म्हणजे या पद्धतीला उत्तम झाड आणि कसबी कारागीर या दोहोंची गरज होती.

यंत्राची पहिली दिशा रंध्याची होती. उत्तर युरोपात, विशेषतः फिनलंड व स्वीडनमध्ये, एकोणिसाव्या शतकात अवजड रंध्याच्या तत्त्वावर चालणारी यंत्रे प्रचारात आली. ओला ओंडका आणि पाते यांपैकी एक स्थिर ठेवून दुसरे त्यावरून नेले की काही मिलिमीटर जाडीचे पान सुटून येई. माणसे, घोडे, पाणचक्की आणि पुढे इंजिन अशी त्याची चालकशक्ती बदलत गेली. गावातील कुटुंबांनी एकत्र येऊन एकाच यंत्रावर आपापल्या छपराची पाने काढून घ्यावीत, इतके ते साधे होते.

दुसरी दिशा गोल करवतीची होती आणि ती उत्तर अमेरिकेत विकसित झाली. या यंत्रात लाकडाचा ठोकळा एका सरकत्या गाड्यावर पकडलेला असतो व तो वेगाने फिरणाऱ्या करवतीसमोरून जातो. प्रत्येक कापानंतर ठोकळ्याचा कल आलटून पालटून बदलतो. त्यामुळे एकदा वरचे टोक जाड निघते, तर पुढच्या वेळी खालचे. कौलाला हवा असलेला निमुळता आकार केवळ या झुकावातून मिळतो आणि लाकूडही वाया जात नाही. करवत तंतूंची पर्वा करीत नाही. म्हणून फाडता न येणारे लाकूडही कामी येऊ लागले. कारागिराची पारख यंत्राच्या गतीने अनावश्यक ठरवली.

यंत्राची किंमत

या गतीचा भार ज्यांच्यावर पडला ते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील देवदारसदृश सीडर वृक्षांच्या प्रदेशातील गिरणी-कामगार होते. कामगार एका हाताने करवतीवरून सुटलेले कौल उचले, दुसऱ्या छोट्या करवतीवर त्याच्या कडा साफ करी आणि ते खाली सोडून देई. विणकराच्या हाताप्रमाणे चालणाऱ्या या लगबगीमुळे त्यांना 'शिंगल विणकर' असे नाव पडले. दोन उघड्या करवतींमध्ये दिवसभर चालणाऱ्या या हातांची बोटे तुटणे ही नित्याची बाब होती. लाकडाच्या बारीक भुशामुळे दम्यासारखा विकार जडे. वॉशिंग्टन राज्यातील एव्हरेट येथे १९१६ मध्ये या कामगारांनी वेतनासाठी संप केला. त्यातून चिघळलेल्या संघर्षात ५ नोव्हेंबर १९१६ रोजी गोळीबार होऊन किमान ७ जण मृत्युमुखी पडले.

दुसरा प्रश्न आगीचा होता. १८७१ च्या शिकागोच्या महाभयंकर आगीत लाकडी बांधकाम व लाकडी छपरे यांनी ज्वाला पसरण्यास हातभार लावला. १९२३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुमारे ६०० इमारती जळाल्या, त्या वेळीही वाऱ्याबरोबर उडणाऱ्या पेटत्या कौलांनी आग एका घरावरून दुसऱ्यावर नेली. स्वस्त व हलके छप्पर सर्वांना मिळाले, परंतु त्याचे मोल अरण्यांनी, कामगारांच्या हातांनी आणि दाट वस्तीच्या नगरांनी चुकते केले.

मराठी प्रदेशातील छप्पर-यंत्र : मंगलोरी कौल

मराठी प्रदेशात छपराचे यंत्र आले ते मातीच्या रूपाने. कोकण व घाटमाथ्यावरील पावसाळी भागांत कुंभाराने चाकावर नळा उतरवून, तो उभा कापून केलेली नळीची कौले पूर्वापार वापरात होती. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात गिलार्डोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाचे एकस्व घेतले. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरजवळील जेप्पू येथे कौलांचा कारखाना सुरू केला. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती, भट्टीसाठी जळण आणि समोर समुद्रमार्ग या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र होत्या. गलबतांतून हे कौल मुंबई व कोकणच्या बंदरांत पोहोचले आणि 'मंगलोरी कौल' हा शब्द मराठीत रूढ झाला.

लाकडी कौलाचे यंत्र आणि मंगलोरी कौलाचा साचा यांत तत्त्वतः साम्य आहे. दोन्हींनी एकसारख्या आकाराचे आच्छादन मोठ्या संख्येने तयार केले, आणि दोन्हींना कच्चा माल व स्वस्त वाहतूक यांचा आधार लागला. जेथे हा आधार नव्हता तेथे यंत्राचा माल सामान्य शेतकऱ्याच्या घरापर्यंत गेला नाही.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती व माळवद

बीड जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे. सरळ रेषेचे सूचिपर्णी लाकूड येथे उगवत नाही. उपलब्ध होते ते बाभूळ, लिंब आणि बाहेरून आणलेले सागवान. त्यामुळे लाकडाचा उपयोग आच्छादनासाठी करणे परवडणारे नव्हते. लाकूड राखले गेले ते खांब, तुळया आणि कड्यांसाठी. बंदरे दूर होती. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्याने बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरीही द्यावी लागे. जिल्ह्याच्या पूर्वेकडील परळी लोहमार्गावर असले, तरी बीड शहरात प्रवासी रेल्वे पोहोचण्यास २०२५ साल उजाडले. बैलगाडीवरून कौलांची ने-आण करणे मोजक्यांनाच शक्य होते.

तथापि माळवद ही केवळ अभावाची निर्मिती नव्हती. वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस आणि दीर्घ, कडक उन्हाळा अशा हवामानात मातीचे जाड छप्पर घर थंड ठेवते. सपाट माळवदावर धान्य वाळते, पापड-कुरडयांचे वाळवण होते, उन्हाळ्यात अंथरुणे पडतात. आग लागण्याचे भयही कमी असते. कड्यांवर फळ्या वा फांद्यांचा थर, त्यावर माती आणि सर्वांत वर गावठाणातील पांढरी माती अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. हे सर्व साहित्य गावातच मिळे आणि कामासाठी गावचा सुतार व घरची माणसे पुरत.

माळवदाचा दोष त्याच्या दुरुस्तीत दडलेला होता. पावसाची झड लागली की छप्पर गळू लागे. म्हणून मृगापूर्वी माळवदावर नवी पांढरी माती टाकण्याची रीत होती. जुनी माती मात्र सहसा काढली जात नसे. परिणामी पिढ्यानुपिढ्या थर वाढत गेला. ३० सेंटीमीटर जाडीचा थर गृहीत धरला तरी चौरस मीटरमागे सुमारे ५०० किलो भार होतो. मंगलोरी कौलांचा भार सुमारे ४० किलो, तर लाकडी कौलांचा त्याहूनही बराच कमी असतो. पावसापासून रक्षण करणारी प्रत्येक दुरुस्ती घराला अशा रीतीने अधिक जड करीत होती.

१९९३ चा भूकंप आणि छपराचा प्रश्न

या भाराचे भीषण स्वरूप ३० सप्टेंबर १९९३ रोजी प्रकट झाले. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपी गेली असता पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. बीडला लागून असलेल्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६ हून थोडीच अधिक होती. एवढ्या तीव्रतेच्या मानाने झालेली ही प्राणहानी मुख्यतः घरांच्या रचनेमुळे होती. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती ढासळल्या आणि माळवदाची माती झोपलेल्यांवर कोसळली. जेथे छपराचा भार भिंतींऐवजी लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर होता, अशा काही घरांत भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याचे आढळले. म्हणजे परंपरेतच सुरक्षिततेचे एक सूत्रही होते. परंतु चांगले लाकूड दुर्मीळ होत गेले तसे ते सर्वांच्या आवाक्यात राहिले नाही.

भूकंपानंतर मराठवाड्यात माळवदावरील विश्वास डळमळला. पुनर्वसित गावांत नव्या पद्धतीची घरे आली, अन्यत्र माती उतरवून पत्रे चढवण्याचे प्रमाण वाढले. पन्हळी पत्र्याचे एकस्व लंडनमध्ये १८२९ मध्ये घेतले गेले होते. हलक्या छपराचे यंत्रयुग मराठवाड्याच्या सामान्य घरात या पत्र्याच्या रूपाने शिरले. पत्रा चिरडून मारीत नाही. पण उन्हाळ्यात तो घराची भट्टी करतो, हा नवा भार आता तेथील रहिवासी, विशेषतः दिवसभर घरात वावरणाऱ्या स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध, सोसत आहेत.

निष्कर्ष

१. लाकडी कौले कापणाऱ्या यंत्राने कारागिराच्या कौशल्याची जागा घेतली आणि छप्पर स्वस्त केले; मात्र त्याचा भार कामगार, अरण्ये व नगरे यांच्यावर टाकला.
२. छपराचे यंत्र स्थानिक कच्चा माल आणि वाहतूक यांच्या आधाराने रुजते. म्हणूनच मराठी प्रदेशात ते लाकडाऐवजी भाजलेल्या मातीच्या रूपाने आले आणि प्रामुख्याने किनारपट्टीलगत स्थिरावले.
३. माळवद हे हवामान व साधनसामग्री यांना दिलेले विचारपूर्वक उत्तर होते. त्यास मागासलेपणाचे लक्षण मानणे इतिहासदृष्ट्या योग्य नाही.
४. माळवदाचा धोका मूळ रचनेपेक्षा वर्षानुवर्षे साचलेल्या थरात आणि दुबळ्या भिंतीत अधिक होता.

कोणतेही छप्पर विनामूल्य नसते. एव्हरेटच्या गिरणीत ते बोटांनी फेडले गेले, तर किल्लारीच्या परिसरात प्राणांनी. गोदाकाठच्या गावांत आज जी थोडी माळवदे उभी आहेत, त्यांची मापे, थरांची जाडी आणि खणांची रचना यांची नोंद होणे आवश्यक आहे. ती बांधणारे सुतार आणि त्यांवर दरवर्षी माती टाकणाऱ्या स्त्री-पुरुषांची पिढी अद्याप हयात आहे तोवरच हे काम होऊ शकते.