सभागृह नेत्याचे उत्तर

(विधिमंडळ; बिद्री, ता. कागल, जि. कोल्हापूर या परिसराच्या संदर्भात). सदस्यांनी अधिवेशनात मांडलेल्या नानाविध प्रश्नांना सरकारच्या वतीने सभागृह नेत्याने दिलेले एकत्रित उत्तर. महाराष्ट्रात त्याचे ठळक रूप अंतिम आठवडा प्रस्तावाच्या वेळी दिसते. हा प्रस्ताव विरोधी पक्ष मांडतो. विधानसभेत तो नियम 292 अन्वये, विधान परिषदेत नियम 259 अन्वये येतो. कायदा-सुव्यवस्था, पीकविमा, रस्ते, शाळांचे अनुदान, धरणाची गळती असे एकमेकांशी संबंध नसलेले विषय एकाच प्रस्तावात ओवलेले असतात.

पद. विधानसभेत हे पद बहुधा मुख्यमंत्र्याकडेच असते. परिषदेत मुख्यमंत्री स्वतः नेते नसतील तेव्हा एखाद्या ज्येष्ठ मंत्र्याकडे ते जाते. तो मंत्री परिषदेचा सदस्य असलाच पाहिजे असे नाही : अजित पवार विधानसभेचे सदस्य असूनही 2020 ते 2022 या काळात परिषदेतील नेते होते.

उत्तराची घडण. सदस्य बोलत असताना मंत्री टिपणे काढतो आणि अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या येत राहतात. आकडा चिठ्ठीतला, सूर मंत्र्याचा. सदस्य वीस विषय काढतात, उत्तरात पाच-सहांना न्याय मिळतो. बाकीच्यांची बोळवण ‘लेखी उत्तर पाठवू’, ‘माझ्या दालनात बैठक लावतो’, ‘तपासून घेऊ’ अशा ठरीव वाक्यांनी होते. त्या दिवसाच्या कामकाजाची जी पहिली प्रत निघते तिच्यावर ‘असुधारित प्रत’ असा शेरा असतो. अभ्यासकाला तीच अधिक उपयोगी, कारण मध्येच उठलेले आवाज आणि बाकांवरून झालेली टोकाटोकी तिच्यात ताजी सापडते. उत्तरातील ज्या वाक्यात काही करण्याचे वचन आहे ते आश्वासन म्हणून गणले जाते व आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. ‘विचार करू’ आणि ‘करू’ यांतले अंतर अनुभवी मंत्री काटेकोरपणे सांभाळतो.

बिद्री परिसर व परिषद. बिद्री कागल तालुक्यात, कोल्हापूर–गारगोटी रस्त्यावर आहे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे (मौनीनगर) त्याचे नाव कागल, भुदरगड, राधानगरी या तिन्ही तालुक्यांत घेतले जाते. कागलचे आमदार 1999 पासून हसन मुश्रीफ असून त्यांतील बराच काळ ते मंत्री राहिले. मंत्र्याने आपल्याच सरकारला तारांकित प्रश्न विचारायचा नसतो. साहजिकच आमदार मंत्री झाला की त्या भागाची कामे मार्गी लागतात, पण भागाचे प्रश्न कामकाजात उमटेनासे होतात. शेजारच्या राधानगरी मतदारसंघाचे प्रकाश आबिटकर डिसेंबर 2024 मध्ये सार्वजनिक आरोग्यमंत्री झाल्यापासून बिद्रीच्या दोन्ही अंगांना हीच स्थिती आहे. अशा वेळी परिषदेतील स्थानिक स्वराज्य संस्था, पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतून आलेले सदस्य उपयोगी पडतात. पुणे पदवीधर व पुणे शिक्षक या दोन्ही मतदारसंघांत कोल्हापूर जिल्हा मोडतो. शिक्षक आमदारांमुळे विनाअनुदानित तुकड्या आणि 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नेमणूक होऊनही पूर्ण अनुदान नंतर मिळालेल्या शिक्षकांची जुनी पेन्शन हे विषय परिषदेत जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात येतात.

चंद्रकांत पाटील यांचा काळ (2016–19). पाटील यांचे मूळ गाव खानापूर (ता. भुदरगड), 2008 व 2014 मध्ये ते पुणे पदवीधरमधून निवडून आले. 2016 मध्ये महसूल खाते आणि परिषदेचे नेतेपद त्यांच्याकडे आले; सार्वजनिक बांधकाम खातेही त्यांच्याकडे होते. बिद्रीवरून ज्या गावाला जायचे त्या गावचा माणूस परिषदेत सरकारची बाजू सांभाळतो, हा योग या भागाला क्वचितच लाभलेला. त्या काळात मुश्रीफ विधानसभेत विरोधी बाकांवर होते, त्यामुळे या परिसराच्या संदर्भात हा काळ विशेष दखल घेण्याजोगा. विषय मात्र राज्यव्यापी होते : जून 2017 मध्ये जाहीर झालेली 34,022 कोटी रुपयांची कर्जमाफी, राज्यातील रस्ते 15 डिसेंबर 2017 पर्यंत खड्डेमुक्त करण्याची पाटील यांनी दिलेली मुदत, जी नागपूर अधिवेशनाच्या काळातच संपली, आणि 29 नोव्हेंबर 2018 रोजी दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले 16 टक्के मराठा आरक्षणाचे विधेयक. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2021 रोजी रद्द ठरवला. 2019 मध्ये पाटील कोथरूडमधून विधानसभेवर गेले.

ऊसदर. या परिसरासाठी सर्वांत महत्त्वाचा विषय. एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) केंद्र सरकार ठरवते (2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये), त्यामुळे ‘केंद्राकडे पाठपुरावा करू’ हे उत्तर सभागृहात खपून जाते. थकबाकीला मात्र ते पुरत नाही. ऊस तुटून गेल्यापासून चौदा दिवसांत रक्कम न दिल्यास पंधरा टक्के व्याज लागते आणि वसुलीचे आदेश राज्याचे साखर आयुक्त काढतात; म्हणजे तेथे जबाबदारी सरळ उत्तर देणाऱ्याच्या दाराशी येते. 21 फेब्रुवारी 2022 च्या शासन निर्णयाने एफआरपीचे दोन हप्ते केले. एकरकमी एफआरपीची मागणी घेऊन शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले व मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सभागृहात वर्षानुवर्षे टोलवला गेलेला प्रश्न असा सभागृहाबाहेर, न्यायालयात गेला, ही गोष्ट विधिमंडळाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी. तोडणी-वाहतुकीची कपात किती असावी, काटा कुणी तपासावा हे प्रश्न त्यानंतरही आहेतच.

दूधगंगेचे पाणी. दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाचा साठा सुमारे 25 टीएमसी. प्रकल्प कर्नाटकाबरोबरचा आंतरराज्य. इचलकरंजीसाठी सुळकूड येथून पाणी उचलण्याच्या योजनेला कागल तालुक्यातील नदीकाठच्या गावांचा विरोध आहे. एकाच जिल्ह्यातील सदस्य येथे परस्परविरोधी मागण्या करतात, त्यामुळे कोणत्याही सरकारचे उत्तर ‘सर्वांना विश्वासात घेऊन’ या शब्दांपलीकडे सहसा जात नाही. कोणाची बाजू न्याय्य, याबाबत मतभेद आहेत.

शक्तिपीठ महामार्ग. नागपूर ते गोवा हा 802 किमीचा महामार्ग आधीच्या आखणीत कागल व भुदरगड तालुक्यांतून प्रस्तावित होता; त्याला येथे विरोध झाला.