अनिच्छुक नायक आणि नेतृत्वाचा अधिकार : जॉन बकनचा रिचर्ड हॅने

थरारकादंबरीतील नायक पहिल्या प्रकरणात जबाबदारी टाळतो आणि अखेरच्या प्रकरणात इतरांना आज्ञा देतो, हा संकेत आज इतका रुळला आहे की त्यामागचा इतिहास सहसा तपासला जात नाही. जॉन बकनची ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ (1915) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. 1914 मध्ये आजारपणात लिहायला घेतलेली ही छोटी कादंबरी ‘ब्लॅकवूड्स मॅगझिन’मध्ये क्रमशः आली.

रिचर्ड हॅने हा बुलावायोहून लंडनला आलेला खाणअभियंता. त्याची अनिच्छा भयातून आलेली नाही, कंटाळ्यातून आलेली आहे. आणखी एक दिवस काही घडले नाही तर आफ्रिकेला परतायचे, असे त्याने ठरवले आहे. त्याच्याच घरात स्कडरचा खून होतो आणि पोलीस व शत्रू या दोघांचा ससेमिरा त्याच्या मागे लागतो. गॅलोवेच्या माळरानावरील पाठलाग सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे तो धाडसी आहे, चतुर आहे. परंतु एकटा आहे. आज्ञा देण्यासाठी त्याच्याजवळ कोणी नाही.

नेतृत्वाचा प्रश्न उभा राहतो तो सर वॉल्टर बुलिव्हंटच्या घरी. नौदलाच्या प्रमुखाचे सोंग घेऊन आलेला हेर हॅनेला ओळखू येतो, आणि त्यानंतर सैन्यातील व शासनातील ज्येष्ठ मंडळी भरतीओहोटीची कोष्टके धुंडाळत या परक्या अभियंत्याच्या सूचना ऐकू लागतात. आपण सूत्रे हाती घ्यावीत हे हास्यास्पद आहे, हे निवेदक स्वतःच मान्य करतो. पण प्रकरणात पहिल्यापासून आपणच होतो, असे समर्थनही लगेच जोडतो. अधिकार पदातून येत नाही, सहभागातून येतो, हा दावा 1915 च्या वाचकाला निव्वळ काल्पनिक वाटला नसावा. ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती 1916 मध्ये सुरू झाली. तोपर्यंत किचनेरच्या नव्या सेनेत कालचे नागरिक स्वेच्छेने दाखल होत होते, आणि त्यांच्यापैकीच अनेक जण अधिकारी होत होते.

माझ्या मते कादंबरीतील सर्वांत मोलाचा प्रसंग केंटच्या किनाऱ्यावरील बंगल्यात घडतो. बाहेर माणसे पेरून हॅने आत शिरतो. समोर पत्ते खेळणारे सभ्य इंग्रज गृहस्थ! उच्चभ्रू आणि कनिष्ठ वर्गांत तो सहज मिसळतो. हा सुखवस्तू मध्यमवर्ग मात्र त्याला वाचता येत नाही. आपण चुकलो तर सर्वांसमोर हसे होईल, या विचाराने तो जवळजवळ माघार घेतो. माळरानावर चुकीची किंमत त्याच्या एकट्याच्या जिवाची होती. येथे त्याच्या शब्दावर इतर लोक उभे आहेत. एकाची बोटे गुडघ्यावर विशिष्ट लयीत पडतात आणि ओळख पटते. (हा योगायोग फारच सोयीचा आहे, हे मान्य केले पाहिजे.)

तथापि, हॅने खरोखर ‘सामान्य’ आहे काय? युद्ध सुरू होताच त्याला थेट कॅप्टनचे पद मिळते, ते माताबेले युद्धातील अनुभवामुळे. म्हणजे कादंबरी ज्याला अचानक उमललेले नेतृत्व म्हणून सादर करते, त्याची तालीम वसाहतीत आधीच झालेली आहे. स्वतः बकनही 1901 ते 1903 या काळात दक्षिण आफ्रिकेत लॉर्ड मिल्नरच्या हाताखाली होता. नायकाच्या अनिच्छेमुळे ही पार्श्वभूमी निरागस भासते.

‘ग्रीनमँटल’मध्ये (1916) हॅने लूसच्या लढाईत जखमी झालेला मेजर आहे. बुलिव्हंटच्या मृत मुलाने मागे ठेवलेली, तीनच शब्दांची चिठ्ठी त्याला कामगिरीवर धाडते. ती चिठ्ठी कुतहून आलेली असते. त्याच कुतमध्ये 29 एप्रिल 1916 रोजी सहाव्या पुणे डिव्हिजनला शरणागती पत्करावी लागली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. त्या शिपायांना या कथानकात जागा नाही. मराठी वाचकाला ही रिकामी जागा जाणवल्यावाचून राहत नाही.

‘मि. स्टँडफास्ट’मध्ये (1919) परिमाण बदलते. ब्रिगेडियर हॅनेला युद्धविरोधकाचे सोंग घ्यावे लागते, ते त्याला मनापासून रुचत नाही. युद्धाला तत्त्वतः नकार देणारा लॉन्सलॉट वेक प्रारंभी त्याच्या तिरस्काराचा विषय असतो. मार्च 1918 च्या जर्मन हल्ल्यात हाच वेक शस्त्र न उचलता निरोप्याचे काम करतो आणि प्राण गमावतो. जुना सोबती पीटर पीनारही आकाशात मृत्यू पत्करतो. हॅने मात्र जिवंत राहतो, एका डिव्हिजनचा अधिपती म्हणून.